रिसेप्टरला पिनकोड कळत नाही

किस्से कामाच्या गडबडीत घडत नाहीत, ते वाट बघताना घडतात, असं माझं मत आहे. आणि आमच्या लॅबमध्ये कामापेक्षा वाट बघणंच जास्त. प्रोटीनचा थेंब काचेखाली झाकून ठेवायचा आणि त्यात क्रिस्टल धरतोय का ते बघत बसायचं. कधी आठवड्यात धरतो, कधी महिन्यात, कधी धरतच नाही. तोवर माणसं बोलणार, भांडणार, चहा पिणार. बोईसर एमआयडीसीतला आमचा गाळा छोटा, माणसं तीन, पण पाहुणा आला की आधी कुठला किस्सा सांगायचा यावरूनच आमच्यात वाद होतात.

काम काय, ते थोडक्यात सांगतो. शरीरातली प्रत्येक पेशी बाहेरचे निरोप ऐकत असते. ते ऐकायला तिच्या अंगावर प्रोटीनचे रिसेप्टर बसलेले असतात. हार्मोनचा किंवा औषधाचा रेणू येऊन रिसेप्टरला चिकटला की तो आतल्या बाजूला खबर देतो. असा जो कोणी येऊन चिकटतो त्याला म्हणायचं लिगँड. तो नेमका कुठे बसतो, कसा बसतो, हे अणू-अणूपर्यंत शोधून काढायचं, हा आमचा धंदा.

लॅब विनयाताईंची. केळवे-माहीमकडच्या बागायतदारांच्या घरातल्या. नारळ, पानवेली, केळी यांत वाढलेल्या. बरीच वर्षं परदेशात रिसेप्टरवर काम करून परत आल्या. गावाला वाटलं, काहीतरी बिनसलं. एका लग्नात त्यांच्या काकांनी पंगतीतच विचारलं, "तिकडे जमलं नाही वाटतं?"

ताई म्हणाल्या, "तिकडे जमलं काका. म्हणून तर इकडे करून बघतेय."

*

गाळा भाड्याने घेतानाची गोष्ट. एका बाजूला रंगाचा कारखाना, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याचे खोके बनवणारे. गाळ्याचा मालक चौकस माणूस. त्याने पहिला प्रश्न विचारला, "माल काय निघणार?"

"माहिती," ताई म्हणाल्या.

मालकाने मान हलवली आणि माहिती न्यायला मोठा ट्रक येणार का ते विचारलं, कारण गल्लीत ट्रक वळत नाही. ताईंनी सांगितलं, ट्रक येणार नाही. मग त्याने वासाचं विचारलं. वास नाही. धूर? नाही. सांडपाणी? अगदी थोडं, तेही आम्हीच निर्धोक करून सोडणार. आवाज? फक्त फ्रीजचा.

मालकाला हे सगळं संशयास्पद वाटायला लागलं होतं.

"मग मॅडम," तो म्हणाला, "एमआयडीसीत कशाला येताय?"

*

मी कुंभवलीचा. आमच्या गावाला एमआयडीसी लागूनच, त्यामुळे बीएस्सी झालं की मुलगा कुठल्यातरी कारखान्याच्या क्यूसीत, म्हणजे माल तपासायच्या खात्यात, चिकटतो. मीही चिकटलो होतो. ताईंची जाहिरात वाचून गेलो तेव्हा त्यांनी मला संगणकावरचं काम शिकवलं; क्रिस्टलवर क्ष-किरण पाडले की जी माहिती येते, तिच्यातून प्रोटीनचा आकार उभा करण्याचं. पण मी नाही, आमच्यातली खरी गंमत हर्षदा.

हर्षदा घिवलीची, मच्छीमारांच्या घरातली. वडील आणि भाऊ बोटीवर, आई मासळी सुकवते आणि विकते. पालघरच्या कॉलेजातून मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी. दोन-तीन ठिकाणी मुलाखती देऊन आलेली आणि सगळीकडून परत पाठवलेली. एका ठिकाणी तर तिच्या तोंडावर सांगितलं होतं, आधी बोलणं सुधारून ये. ती 'आहे'ला 'हाय' म्हणते आणि 'नाही'ला 'नाय', एवढाच काय तो गुन्हा.

आमच्याकडे मुलाखतीला आली तेव्हा ताईंनी विचारलं, "लिगँड रिसेप्टरला कसा चिकटतो?"

हर्षदाने पुस्तकातलं उत्तर घडाघडा म्हणून दाखवलं. कुलूप आणि किल्ली, वगैरे. ताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, हे पाठ केलंस. आता घरी ज्या भाषेत बोलतेस त्या भाषेत सांग.

हर्षदाने मांडीवरची फाइल टेबलावर ठेवली. मला वाटलं, गेली ही नोकरीपण. मग तिने आपला डावा हात जरासा पुढे केला.

"पोर हातात दिला का हात आपोआप वाकतो नाय का, तसा. पोर येईपरत हाताला पन ठाऊक नसते कसा वाकायचा. आनि एकदा वाकला का खांदा, मान, सगला वळते."

ज्याला आम्ही मोठी मोठी नावं देतो ते हेच. रिसेप्टर कुलपासारखा ताठ बसलेला नसतो. लिगँड आला की तो स्वतः आकार बदलतो, आणि तो बदल आतपर्यंत पोचतो. तोच तर निरोप.

त्या दिवसापासून आमच्या लॅबमध्ये 'कुलूप-किल्ली' हा शब्द बंद. चुकून कोणी उच्चारला तर त्याने सगळ्यांना चहा करून पाजायचा. पहिला चहा मीच केला.

*

क्रिस्टलला शांतता लागते. आणि आम्ही बसलोय एमआयडीसीत. खोक्यांच्या कारखान्यातला प्रेस दणदणला की आमचं टेबल थरथरायचं. त्यात मधूनमधून डहाणू-तलासरीकडचे भूकंपाचे धक्के. वर्तमानपत्रात ते सौम्य म्हणून छापून येतात. सौम्य कोणासाठी, ते क्रिस्टलला विचारावं.

थरथर शोषून घेणारं खास टेबल मिळतं, पण ते आमच्या आवाक्याबाहेर. ताईंनी मला पंक्चर काढणाऱ्या मिश्राजींकडे पाठवलं, स्कूटरच्या जुन्या ट्यूब आणायला. मिश्राजी बोईसरमधले जुने. त्यांनी ट्यूब तपासून, हवा भरून दिल्या आणि विचारलं, "इस पे कौन-सी गाड़ी चलाओगे?"

मी म्हटलं, "गाड़ी नहीं चलानी, चाचा. रोकनी है."

ट्यूबांवर कडप्प्याची फरशी ठेवली, फरशीवर क्रिस्टलच्या प्लेटा. जमलं. थरथर ट्यूबमध्येच जिरायला लागली. पुढे एका औषध कंपनीची माणसं आमची लॅब बघायला आली तेव्हा त्यांच्यातला एकजण ती फरशी बघून हसला आणि इंग्रजीत म्हणाला, हे पंक्चरचं दुकान आहे की लॅब?

हर्षदाने त्याला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. थेंबात क्रिस्टल होते, खडीसाखरेसारखे स्वच्छ, धारदार कडांचे. त्याने बघितलं, पुन्हा बघितलं. जाताना फरशीचा फोटो काढून घेऊन गेला.

*

त्याच भेटीतली आणखी एक गोष्ट. जेवायची वेळ झाली आणि हर्षदाने डबा उघडला. सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी. पाहुण्यांपैकी एका बाईंनी नाकाला रुमाल लावला आणि खिडकी उघडायला सांगितली.

मी खिडकी उघडली. बाहेरून रंगाच्या कारखान्याचा तो आंबूस, घशात बसणारा वास भसकन आत आला. त्या दिवशी जरा जास्तच होता. बाई खोकायला लागल्या.

हर्षदाने उठून खिडकी लावली. "मॅडम," ती अगदी अदबीने म्हणाली, "आमचा वास आमी जेवून संपवतो. त्यांचा ते आमच्याकडे सोडतात."

मग तिने डबा बाईंच्या पुढे केला. त्यांनी एक घास खाल्ला. नंतर अर्धी भाकरी खाल्ली.

*

आता मुख्य प्रकरण.

त्या कंपनीने आम्हाला काम दिलं. त्यांचं एक औषध होतं. ते एका रिसेप्टरला बंद पाडतं हे त्यांना माहीत होतं, पण ते नेमकं कुठे बसतं ते माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणजे, माहीत असल्यासारखंच होतं. कंपनीचे एक सल्लागार होते, या विषयातलं मोठं नाव. आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो. सरांनी संगणकावर हिशेब मांडून आधीच सांगून ठेवलं होतं की हार्मोन ज्या खळग्यात बसतो त्याच खळग्यात औषध बसतं आणि हार्मोनची जागा अडवतं. आमचं काम फक्त त्याचा पुरावा आणून देणं.

हर्षदाने रिसेप्टर आणि औषध एकत्र घालून क्रिस्टल वाढवले. ते द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून बाहेरच्या मोठ्या क्ष-किरण यंत्राकडे पाठवले. तिथून माहिती आली आणि मी नकाशा उभा केला. आमचा नकाशा निळ्या जाळीसारखा दिसतो. जिथे अणू असतात तिथे जाळी दाट, जिथे काही नाही तिथे मोकळं.

मी खळग्यापाशी गेलो. मोकळा. जेमतेम पाण्याचे रेणू.

पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. पुन्हा मोकळा. तेवढ्यात मागे उभी असलेली हर्षदा म्हणाली, "जरा बाजूला सरकव. तो काय हाय?"

खळग्याच्या कडेला एक अरुंद खाच होती, जिच्याकडे कोणी कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या खाचेत जाळी दाट होती, आणि तिचा आकार हुबेहूब औषधाच्या रेणूचा. औषध खाचेत शिरून बसलं होतं आणि त्यामुळे शेजारचा खळगा आवळला गेला होता. हार्मोनला जागा अडवल्यामुळे नाही, तर जागाच न उरल्यामुळे बसता येत नव्हतं.

ताई आल्या, खुर्ची ओढून बसल्या, आणि त्यांनी नकाशा सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला. मग म्हणाल्या, "आता भांडण होणार."

*

झालं. व्हिडिओ कॉलवर सरांनी आमचा नकाशा बघितला आणि पहिलं वाक्य बोलले की क्रिस्टल खराब आहेत. ताईंनी आकडे दाखवले. मग सर म्हणाले, खाचेतला तो रेणू औषध नसेलच, द्रावणातलं काहीतरी अडकलं असेल. ताईंनी औषध न घातलेल्या क्रिस्टलचा नकाशा दाखवला. त्यात खाच रिकामी होती. मग सरांनी सुचवलं की औषध खळग्यातही थोडंफार दिसतंय असं अहवालात लिहायला काय हरकत आहे, कंपनीचं पुढचं सगळं नियोजन त्यावर आहे.

ताई म्हणाल्या, जे दिसत नाही ते लिहिणार नाही.

सरांचा आवाज मऊ झाला. म्हणाले, तुमचा दोष नाही, बोईसरसारख्या ठिकाणी असं व्हायचंच.

"सर," ताई म्हणाल्या, "रिसेप्टरला पिनकोड कळत नाही."

पलीकडे कोणीतरी हसू दाबलं. सरांनी कॅमेरा बंद केला. आठवडाभरात कंपनीने कळवलं की पुढचं काम तूर्त थांबवत आहोत.

*

ते दिवस कठीण होते. दुसरं काम हातात नव्हतं. माझ्या जुन्या कारखान्यातल्या साहेबांचा फोन आला. क्यूसीत जागा आहे, परत ये, तिथे कशाला बुडतोस. आईनेही तेच सांगितलं. मी ताईंना विचारलं, आपण चुकलो असलो तर?

ताई म्हणाल्या, "चुकलो असलो तर आपल्यालाच आधी कळलं पाहिजे. चल, स्वतःला खोटं पाडून बघू."

युक्ती साधी होती. रिसेप्टर म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. तिच्यातला एक मणी बदलायचा. ताईंनी दोन नमुने ठरवले. एकात खळग्यातला मणी बदललेला, दुसऱ्यात खाचेतला. सर बरोबर असतील तर पहिल्याला औषध चिकटणार नाही. आम्ही बरोबर असू तर दुसऱ्याला.

मी साहेबांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. साहेब म्हणाले, जागा पुन्हा मिळणार नाही. मी म्हटलं, चालेल, निकाल बघायचाय.

हर्षदाने ते दोन नमुने बनवले. पहिल्यांदा प्रोटीन फाटलं, दुधासारखं पांढरं होऊन तळाशी बसलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या खेपेला जमलं.

चाचणीच्या यंत्राच्या पडद्यावर एक रेघ सरकत असते. औषध चिकटलं तर रेघ वर चढते, नाही चिकटलं तर आडवी राहते. खळगा बदललेला नमुना आधी घातला. रेघ वर चढली. म्हणजे खळग्याचा औषधाशी संबंध नव्हता. आता खाच बदललेला. रेघ आडवी. आम्ही बघत राहिलो. आडवीच. प्रोटीनच मेलेलं नाही ना, म्हणून ताईंनी त्याला हार्मोन घालायला सांगितलं. रेघ झपकन वर. प्रोटीन ठणठणीत होतं, त्याला फक्त औषध नको होतं.

हर्षदाने लगेच आईला फोन लावला. एवढे दिवस आईला रोज सांगत होती ना, की रेघेवर सगळं अवलंबून आहे म्हणून. फोन स्पीकरवर होता.

"आय," ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "रेघ सपाट आली."

पलीकडून आईचा घाबरलेला आवाज: "कोन गेला गो?"

*

ताईंनी निकाल कंपनीला पाठवला. कंपनीने तो आमच्यावर विश्वास ठेवून मान्य केला असं नाही. त्यांनी तेच काम दुसऱ्या, मोठ्या लॅबकडून पुन्हा करवून घेतलं. तिथेही खळगा मोकळाच निघाला. मग आमचं काम पुन्हा सुरू झालं; माफी वगैरे कोणी मागितली नाही, नुसता एक सौजन्याचा ईमेल आला.

काही महिन्यांनी मुंबईत एक परिषद होती. सरांचं व्याख्यान होतं म्हणून ताई आम्हाला दोघांना घेऊन गेल्या. सर पडद्यापाशी उभे राहिले आणि त्यांनी दाखवली ती आमची खाच. आमचा निळा नकाशा. आमच्या दोन नमुन्यांच्या रेघा. प्रत्येक वेळी म्हणत होते, आम्हाला असं आढळलं, आम्ही मग असं केलं. आमच्या लॅबचं नाव कुठेच नाही.

मी ताईंकडे बघितलं. त्या ताठ बसल्या होत्या. प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि माझ्या शेजारची खुर्ची रिकामी झाली. हर्षदा माईकपाशी जाऊन उभी होती. तिला इंग्रजी येत नव्हतं असं नाही, वाचायची सगळं इंग्रजीच. पण ती मराठीत बोलली.

"सर, तुमचा काम आवडला," ती म्हणाली. "एकच विचारायचा हाय. 'आमी' म्हंजे कोन कोन?"

हॉलमध्ये मराठी कळणारे अर्धे असतील. कोणीतरी शेजाऱ्याला कुजबुजून अर्थ सांगत होतं. सर पाणी प्यायले. मग म्हणाले की हो, हे प्रयोग मुळात बोईसरच्या एका लॅबने केले, आणि ती मंडळी इथे बसलेली आहेत.

हर्षदा म्हणाली, "थँक्यू सर," आणि जागेवर येऊन बसली. ताईंनी तिचे हात आपल्या हातांत धरून ठेवले.

परतीच्या वाटेवर वैतरणेची खाडी मागे पडली. मग हर्षदाने विचारलं, "ताई, 'आमी' बोलली मी. 'आम्ही' बोलायला पायजे होता का?"

ताई म्हणाल्या, "अजिबात नाही."

*

आणि हा शेवटचा. आमच्यात याबद्दल वाद नाही, हा शेवटीच सांगायचा.

दुपारची चहाची वेळ होती. मी चहा ओतत होतो, चुकून पुन्हा तो कुलूपवाला शब्द बोललो होतो म्हणून. ताई ग्लोव्हज घालून प्लेट भरत होत्या. त्यांचा फोन वाजला. हात मोकळे नसल्यामुळे त्यांनी मला स्पीकर लावायला सांगितलं.

सर होते. आवाज एकदम मोकळा, आपुलकीचा. म्हणाले, त्यांच्या संस्थेत रिसेप्टरचा नवा विभाग सुरू होतोय. मोठी इमारत, हाताखाली विद्यार्थी, सगळी यंत्रं, राहायला बंगला. विभागप्रमुख म्हणून त्यांना ताईच हव्या होत्या. मागचं सगळं विसरून जा, म्हणाले. मी कप हातात धरून तसाच उभा राहिलो. हर्षदाने प्रयोगाचा टिकटिकणारा टाइमर बंद केला.

ताई ऐकत होत्या. मधे एकदा त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, एकदा ट्यूबांवरच्या त्या फरशीकडे.

"इतकं चांगलं काम तुम्ही तिथे कशाला वाया घालवता?" सर म्हणाले.

"सर, इकडे लाईट गेलीय," ताई म्हणाल्या. "फ्रीज बघायला लागतील. ठेवते." आणि त्यांनी कोपराने फोन बंद केला.

डोक्यावर पंखा गरगरत होता. दोन्ही ट्यूबलाईट लख्ख पेटलेल्या होत्या. ताई खाली मान घालून पुन्हा प्लेट भरायला लागल्या.

हर्षदाने पंख्याकडे बघितलं, मग ताईंकडे. उठली, भिंतीपाशी गेली, आणि ट्यूबलाईटची आणि पंख्याची बटणं एकेक करून बंद केली. मग येऊन बसली आणि माझ्या हातातला कप घेऊन चहा प्यायला लागली.